बीटा एचसीजीचा दुसरा रिपोर्ट टाळू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर मध्यंतरी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांवर लेख आला होता. लेख चांगला होता, फोलिक अ‍ॅसिड, उलट्या, आराम किती करायचा वगैरे सगळं आलं होतं, पण गर्भाशयाच्या बाहेर राहणाऱ्या गर्भाबद्दल एकच ओळ आणि तीही 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' म्हणून मोकळी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त काढायचं, मशीनवर टेस्ट लावायची हे माझं काम, डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला उपचार सांगायला बसलेले नाही. पण या दुखण्याचा अर्धा निकाल आमच्या टेबलावर लागतो आणि तिथे लोकांचा जो गोंधळ उडतो तो बघून बघून शेवटी आज लिहायला घेतलं.

साधारण शंभर प्रेग्नन्सीमधली एक किंवा दोन अशा असतात की गर्भ गर्भाशयात न रुजता बाहेर कुठेतरी रुजतो, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त गर्भनलिकेत म्हणजे ट्यूबमध्ये. म्हणून लोक सरळ 'ट्यूबमध्ये राहिलंय' असंच म्हणतात, डॉक्टर एक्टोपिक म्हणतात. क्वचित अंडाशयावर, गर्भाशयाच्या तोंडाशी, आधीच्या सिझेरियनच्या टाक्याच्या जागी किंवा पोटातसुद्धा. मुळात स्त्रीबीज आणि शुक्राणूची गाठ पडते ती ट्यूबमध्येच, तिथून तो गर्भ चार-पाच दिवसांत सरकत सरकत गर्भाशयात जातो, ट्यूबच्या आतल्या बारीक केसांसारख्या रचना त्याला पुढे ढकलत असतात. ट्यूब आधीच्या इन्फेक्शनने आतून खराब झाली असेल, क्लॅमिडिया, गोनोरिया, टीबी, किंवा पूर्वी ट्यूबवर काही ऑपरेशन झालेलं असेल, एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार असेल, तर तो वाटेतच अडकतो आणि तिथेच रुजायला लागतो. सिगरेट ओढणाऱ्या बायकांमध्येही धोका जास्त असतो, आयव्हीएफमध्येही थोडा जास्त. पण हे सगळं वाचून 'मला यातलं काहीच नाही, म्हणजे मी सेफ' असं म्हणू नका कारण ज्यांना एक्टोपिक होतं त्यातल्या जवळजवळ निम्म्या बायकांकडे यातलं एकही कारण सापडत नाही.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय किंवा कॉपर टी बसवलेली आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्याही पुष्कळ. कॉपर टी असताना किंवा ऑपरेशननंतर मुळात दिवस जाण्याचीच शक्यता अगदी कमी, हे खरंच. पण गेलेच, तर ते ट्यूबमध्ये असण्याची शक्यता नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असते. 'ऑपरेशन झालंय, मग टेस्ट कशाला' म्हणून पाळी चुकलेली आणि पोटात दुखतंय अशी बाई पित्ताच्या गोळ्या खात बसते तेव्हा खरंच हात जोडावेसे वाटतात.

आता माझ्या कामाचं बोलते. घरच्या किटवर दोन रेघा आल्या म्हणजे लघवीत एचसीजी नावाचं हार्मोन आहे एवढंच कळतं. गर्भ कुठे आहे ते ती रेघ सांगत नाही, तो गर्भाशयात असो की ट्यूबमध्ये, हार्मोन तेच तयार होतं, रेघही तशीच गुलाबी येते. मग डॉक्टर रक्तातली बीटा एचसीजी लिहून देतात. हे हार्मोन दोन भागांचं असतं, त्यातला अल्फा भाग एलएच, एफएसएच, टीएसएच या दुसऱ्या हार्मोनमध्येही तसाच असतो, म्हणून बीटा भाग पकडायचा. १९७२ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ वायटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बीटा मोजायची पद्धत मांडली, आणि त्यानंतर ट्यूब फुटायच्या आत एक्टोपिक ओळखता येणं हळूहळू शक्य झालं. त्याआधी बहुतेक वेळा बाई बेशुद्ध पडून हॉस्पिटलमध्ये आली की मगच कळायचं.

तर रिपोर्ट हातात पडतो. त्याच्या खाली आठवड्यांचा तक्ता छापलेला असतो, चौथा आठवडा इतके ते इतके, पाचवा आठवडा इतके ते इतके. आणि लोक काउंटरवरच उभं राहून आपला आकडा त्या तक्त्यात शोधायला लागतात, 'ताई, माझा सहावा आठवडा आहे आणि हे तर चौथ्याचं दिसतंय, म्हणजे बाळ वाढत नाही का?' अहो, त्या तक्त्याची रेंज बघा जरा, सगळीकडे चालतो तो एक तक्ता पाचव्या आठवड्याला १८ पासून ७,३४० पर्यंत सगळं नॉर्मल म्हणतो. १८ ते ७,३४०! त्यात कोण बसणार नाही? शिवाय आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, पाळी चुकल्यापासून नाही, इथेच अर्ध्या जणींचा हिशोब दोन-चार आठवड्यांनी हुकतो. मला विचाराल तर एकट्या आकड्याने ना बाळ चांगलं आहे हे कळतं, ना ते कुठे आहे हे कळतं. अंदाज येतो तो दोन आकड्यांच्या मधल्या फरकावरून.

म्हणूनच डॉक्टर सांगतात की ४८ तासांनी परत टेस्ट करा. आणि नेमकी इथेच गाडी अडते. बरोबर आलेले नातेवाईक म्हणतात आत्ताच तर केली, परत कशाला, लॅबवाल्यांचं आणि डॉक्टरांचं ठरलेलं असतं. मग ती दुसरी टेस्ट राहून जाते. मी इतकी वर्षं ही चिठ्ठी बघतेय, 'रिपीट आफ्टर ४८ अवर्स', आणि त्यातल्या किती चिठ्ठ्या परत येत नाहीत याचा विचारसुद्धा करवत नाही.

तर त्या ४८ तासांचं गणित असं. गर्भाशयातली चांगली प्रेग्नन्सी असेल तर सुरुवातीच्या दिवसांत आकडा झपाट्याने वाढतो. 'दोन दिवसांत डबल व्हायलाच पाहिजे' असं सगळे धरून बसतात पण ते तसं काटेकोर नाही, पहिला आकडा १,५०० च्या खाली असेल तर दोन दिवसांत निदान ४९ टक्के वाढ चांगल्या प्रेग्नन्सीत अपेक्षित असते, आकडा जसा मोठा तशी ही अपेक्षा थोडी कमी होते, ३,००० च्या वर गेला की ३३ टक्के. त्यापेक्षा कमी वाढला, किंवा रेंगाळतोय, ना धड वर ना धड खाली, तर डॉक्टरांना शंका येते. झपाट्याने खाली आला तर बहुधा गर्भपात होतोय. पण काही ट्यूबमधल्या प्रेग्नन्सीत आकडा अगदी नॉर्मलसारखा वाढतो हेही लक्षात ठेवा, म्हणजे नुसता आकडा छान वाढला म्हणून घरी पेढे वाटायची घाई नको, सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसला की मग.

सोनोग्राफीचंही तसंच, ती आतून करतात, म्हणजे योनीमार्गातून, लाजून नको म्हणू नका कारण इतक्या लहान गर्भासाठी पोटावरून केलेली पुरत नाही. साधारण पाच आठवड्यांच्या सुमाराला गर्भाची पिशवी दिसायला लागते. त्याआधी गेलात तर कुठेच काही दिसणार नाही, ना आत ना बाहेर, आणि डॉक्टर म्हणतील की प्रेग्नन्सी आहे पण कुठे आहे ते आत्ता सांगता येत नाही. यावर लोक चिडतात, 'एवढी मशीन असून सांगता येत नाही म्हणजे काय'. पण हे प्रामाणिक उत्तर आहे हो, तेव्हा ते दिसण्याएवढं मोठंच झालेलं नसतं. घाईघाईने काही ठरवलं तर चांगली, हवी असलेली प्रेग्नन्सी चुकून औषधाने जाऊ शकते. बीटा ३,५०० च्या वर आहे आणि तरीही गर्भाशयात पिशवी दिसत नाही, मग मात्र संशय पक्का व्हायला लागतो.

हे झालं शांतपणे वाट बघण्याबद्दल. पण वाट बघायची ती आकड्याची, दुखण्याची नाही. मागे एक बाई अशीच रिपीट बीटासाठी आली होती, खुर्चीत बसली आणि मी दंडाला पट्टा बांधायला घेतला तर तिचा दुसरा हात सारखा खांद्यावर, टोकाशी दाबून धरलेला. विचारलं तर म्हणे रात्री अवघडून झोपले असेन, आडवं झालं की जास्त दुखतंय. पोटात? पोटात पण दुखतंय थोडं, पण ते कालपासून आहेच. ओठ पांढरे, हात गार आणि घामट, शीर सापडेना, नाडी बघितली तर नुसती पळत होती. मी रक्त काढायचं सोडून आधी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना हाक मारली, त्यांनी तिच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिला खुर्चीवरून थेट स्ट्रेचरवर नेलं. ट्यूब फुटलेली होती. ती वाचली, पण ज्या दवाखान्यात ती आदल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून गेली होती तिथे तिला गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं, पाळी कधी आली होती हे कोणी विचारलंही नव्हतं.

खांदा का दुखतो ते नंतर मॅडमनी समजावलं. ट्यूब फुटून पोटात रक्त साठलं की ते वर सरकून श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं, त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या टोकाची संवेदनाही तिथूनच जाते, त्यामुळे मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. म्हणून पाळी चुकलेली किंवा टेस्ट पॉझिटिव्ह असलेली बाई एका बाजूला ओटीपोटात दुखतंय म्हणाली, थोडं थोडं अंगावरून जातंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, चक्कर येतेय, शौचाच्या जागी दाब आल्यासारखं वाटतंय, यातलं काहीही असेल तर लॅबमध्ये यायचं नाही, रिपोर्टची वाट बघायची नाही, थेट ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. अंगावरून किती जातंय त्यावर जाऊ नका, बाहेर दोन थेंब आणि आत पोटात लिटरभर असं होऊ शकतं.

आणि एक आमच्याच लाइनचं. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून आत रक्तस्राव नाही असं समजू नका. रक्त एकदम गेलं की सुरुवातीला हिमोग्लोबिनचा आकडा फारसा पडत नाही, तो काही तासांनी खाली येतो. तसंच बीटाचा आकडा छोटा म्हणून ट्यूब फुटणार नाही असंही नाही. अगदी कमी आकड्यालाही फुटल्याच्या केसेस आहेत.

परस्पर गर्भपाताच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी तर हे मोठ्या अक्षरात छापा. त्या गोळ्या गर्भाशयातल्या गर्भासाठी आहेत, ट्यूबमधल्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही. पण गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर सुटून रक्तस्राव मात्र होतो आणि बाईला वाटतं झालं, मोकळी झाले. इकडे ट्यूबमध्ये ते वाढतच असतं. मग आठ-दहा दिवसांनी पोटात दुखायला लागलं की तिला आणि घरच्यांना वाटतं गोळ्यांमुळे दुखत असेल, दुखणारच की. गोळ्या घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवलं असतं, गर्भ कुठे आहे ते बघितलं असतं तर ही वेळच आली नसती.

एक प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो, ट्यूबमधला गर्भ उचलून गर्भाशयात नाही का ठेवता येत? नाही येत. जगात कुठेही ही सोय नाही, आणि ट्यूबमध्ये तो पूर्ण वाढूही शकत नाही, तिथे जागाही नाही आणि लागणारा रक्तपुरवठाही नाही. कोणी डॉक्टर 'हे काढावं लागेल' म्हणाला तर तो घाई करतोय असं नाही. हवं असलेलं मूल असतं, टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचा आनंद दोन दिवससुद्धा टिकलेला नसतो, आणि त्यात कोणीतरी नातलग 'एवढंसं तर होतं' म्हणून जातो. असं बोलू नये खरंच. गेलंय ते गेलंय, लहान-मोठं मोजायची ती गोष्ट नाही.

उपचाराचे साधारण तीन रस्ते. ज्यांचा आकडा कमी आहे आणि आपोआप घसरतोय, दुखत नाही, त्यांना नुसतं लक्ष ठेवून बघतात. दुसरा मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन. हे तेच औषध जे कॅन्सरला आणि जास्त वेळा संधिवातालाही देतात, नाव गुगल करून घाबरू नका, इथे डोस वेगळा असतो, उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅम असा बहुतेक वेळा एकच. हे औषध फोलिक अ‍ॅसिडचं काम अडवतं त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशी थांबतात आणि शरीर हळूहळू ते सगळं शोषून घेतं. पण ते सगळ्यांना चालत नाही, ट्यूब फुटलेली नको, गर्भाचे ठोके दिसत नसावेत, ट्यूबमधली गर्भाची गाठ साधारण साडेतीन सेंटिमीटरच्या आत हवी, आकडा फार मोठा नको, लिव्हर, किडनी आणि रक्ताच्या पेशी ठीक हव्यात. म्हणून इंजेक्शनच्या आधी सीबीसी, लिव्हरच्या टेस्ट, क्रिएटिनिन, ब्लड ग्रुप असं सगळं आमच्याकडे येतं, त्यातली एकही टेस्ट उगीच लिहिलेली नसते.

इंजेक्शन दिलं तो पहिला दिवस धरायचा. मग चौथ्या दिवशी बीटा आणि सातव्या दिवशी बीटा. आता बघा, चौथ्या दिवशी आकडा बऱ्याचदा वाढलेला येतो आणि घरात हाहाकार, औषध लागू पडलं नाही म्हणून. तसं नसतं, तेव्हा वाढणं नेहमीचं आहे. बघायचं ते चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत निदान १५ टक्के उतरला का. उतरला तर पुढे दर आठवड्याला टेस्ट, आकडा अगदी शून्याच्या जवळ येईपर्यंत, आणि त्याला कधी तीन-चार तर कधी सहा-आठ आठवडेही लागतात. नाही उतरला तर दुसरं इंजेक्शन किंवा ऑपरेशन. सगळ्यात जास्त गळती होते ती इथे. सातव्या दिवशी आकडा उतरला की बायका खूश होऊन जातात आणि पुढच्या आठवड्यापासून येतच नाहीत. आकडा उतरत असतानासुद्धा ट्यूब फुटू शकते हो! तो आकडा शून्याच्या जवळ येईपर्यंत तुम्ही सुटलेल्या नाही.

त्या काळात फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद, नाहीतर औषधाचा परिणाम कमी होतो, आणि त्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही लपलेल्या असतात ते बघा. आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर नको, दारू नको, कडक उन्हात फिरणं नको, संबंध नको, जोराचा व्यायाम नको. इंजेक्शननंतर तीन ते सात दिवसांत पोटात थोडं दुखू शकतं, पण थोडं आणि जास्त यातला फरक घरी बसून ठरवू नका, फोन करा. पुढचा चान्स किमान तीन महिन्यांनी.

तिसरा रस्ता ऑपरेशन, ते बहुतेक दुर्बिणीने होतं, ट्यूब फुटून हालत खराब असेल तर कधी पोट उघडून. १८८३ मध्ये लॉसन टेट नावाच्या सर्जनने फुटलेली ट्यूब काढून बाईला वाचवलं, तोपर्यंत फुटलेलं एक्टोपिक म्हणजे बहुतेक वेळा मरणच. आता दोन प्रकार, एकतर ती ट्यूबच काढायची, नाहीतर ट्यूबला चीर देऊन आतलं काढून ट्यूब ठेवायची. सगळ्यांना वाटतं ट्यूब ठेवलेलीच बरी. पण दुसरी ट्यूब चांगली असेल तर पुढे आपोआप दिवस राहण्यात दोन्हींत ठळक फरक दिसला नाही, २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत ट्यूब ठेवलेल्या साधारण ६१ टक्के आणि काढलेल्या ५६ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकतो एवढाच. उलट ट्यूब ठेवली तर थोडासा भाग आत राहून जायची भीती, म्हणून पुन्हा दर आठवड्याला बीटा. म्हणजे ऑपरेशन झालं तरी आमची सुटका नाही आणि तुमचीही नाही. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं, म्हणजे पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात त्याचं, डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

रिपोर्टबद्दल दोन-तीन गोष्टी सांगून थांबते. रिपीट टेस्ट शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, वेगळ्या कंपनीच्या मशीनवर आकडा वेगळा येऊ शकतो आणि मग वाढ खरी की मशीनची ते कळत नाही. उपाशीपोटी यायची गरज नाही, कुठल्याही वेळी चालतं, पण सुईची वेळ लिहून ठेवा, ४८ तास म्हणजे ४८ तास, 'परवा कधीतरी' नाही. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर आम्हाला सांगा, काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. आणि ज्यांना एकदा एक्टोपिक झालंय त्यांनी जुने रिपोर्ट फेकू नका. पुन्हा होण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते, म्हणजे बहुतेकींची पुढची प्रेग्नन्सी गर्भाशयातच राहते, पण पुढच्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आली की तिसरा महिना लागायची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्यायची. येताना ती जुनी फाइल घेऊन या.

आपली नम्र,
एक वाचक, लॅब टेक्निशियन